आईची नाटकं: हौशी अभिनेत्रीच्या आयुष्याची नोंद घरच्या घरी कशी करावी

व्यावसायिक नटीचं आयुष्य कागदावर आपोआप उतरतं. वर्तमानपत्रातल्या जाहिराती, प्रयोगांचे आकडे, ‘नाइट’चे म्हणजे दर प्रयोगाच्या मानधनाचे हिशोब, परीक्षणं, सगळं कुठे ना कुठे सापडतं. हौशी नटीच्या वाट्याला महिना-दीड महिना तालीम, एखाददुसरा प्रयोग आणि सायक्लोस्टाइल केलेली एक पत्रिका येते. ती पत्रिकाही पुढच्या दिवाळीच्या आवराआवरीत रद्दीत जाते. चाळीस-पन्नास वर्षं हौसेनं रंगमंचावर उभ्या राहिलेल्या बाईच्या नावावर शेवटी एक पेला, चार फोटो आणि ‘आई पूर्वी नाटकात काम करायची’ एवढं एक वाक्य उरतं.

हे आयुष्य परत जुळवता येतं. मात्र सुरुवात नाटकापासून केली की काम अडतं. हौशी नटीच्या तारखा मंडळाच्या दप्तरात क्वचितच मिळतात. तिच्या मुलांच्या वयात, बदल्यांत, बाळंतपणांत आणि सासूच्या आजारपणात त्या हमखास मिळतात. ‘ते नाटक कोणत्या साली केलंस?’ याला उत्तर येत नाही. ‘तेव्हा धाकटा चालायला लागला होता का?’ याला लगेच येतं. म्हणून आधी घर मांडायचं आणि मग त्यावर नाटकं बसवायची.

दोन रकान्यांची वही

फुलस्केप वही घ्या, किंवा संगणकावर तक्ता करा. डावीकडे साल, मधे ‘घर’, उजवीकडे ‘रंगमंच’. एका सालाला निदान अर्धं पान ठेवा, दाटीवाटी करू नका. पहिल्या बैठकीत फक्त ‘घर’ भरायचं: जन्म, शाळा, मॅट्रिक, लग्न, प्रत्येक मुलाचा जन्म, बिऱ्हाडं, बदल्या, नोकरी लागली-सुटली, घरातले मृत्यू, मुलांच्या दहावी-बारावी, लग्नं, नातवंडं. यासाठी आईला त्रास द्यायचं कारण नाही. जन्मदाखले, शाळा सोडल्याचे दाखले, लग्नपत्रिका, नोकरीचं सेवापुस्तक आणि जुनी शिधापत्रिका यांवरून बहुतेक भरतं.

मग सार्वजनिक खुणा पेन्सिलीनं टाका. पुण्यात पानशेतचा पूर १२ जुलै १९६१. कोयनेचा भूकंप ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे. रेल्वेचा संप मे १९७४. आणीबाणी जून १९७५ ते मार्च १९७७. मुंबईत गिरणी संपाची सुरुवात जानेवारी १९८२. किल्लारीचा भूकंप ३० सप्टेंबर १९९३. ‘भूकंपाच्या आधी की नंतर?’ हा प्रश्न साल विचारण्यापेक्षा शंभर पटींनी उपयोगी पडतो. पुण्यातल्या नदीकाठच्या पेठांत घर असेल, तर १९६१ च्या आधीचे कागद का नाहीत हेही तिथेच कळतं.

नाटकांचा रकाना यानंतर भरायला घ्यायचा, आणि प्रत्येक नोंदीपुढे ती कशावरून केली ते एका अक्षरात लिहायचं. ‘क’ म्हणजे कागद आहे. ‘द’ म्हणजे दोन माणसांनी एकमेकांशी न बोलता सारखंच सांगितलं. ‘ए’ म्हणजे एकट्याची आठवण. साल अंदाजाचं असेल तर आधी ‘सु.’ लावा. हे सुरुवातीलाच केलं नाही, तर सहा महिन्यांनी अंदाज कोणता आणि पुरावा कोणता हे लिहिणाऱ्यालाच सांगता येत नाही. अशा घरगुती चरित्रांतल्या बहुतेक चुका इथूनच सुरू होतात.

तिची सगळी नावं

एकच बाई तीन-चार नावांनी छापली जाते. लग्नाआधी ‘कु.’ आणि माहेरचं आडनाव. लग्नानंतर ‘सौ.’, मधे नवऱ्याचं नाव, सासरचं आडनाव. त्यात लग्नात ताटातल्या तांदळावर नवं नाव लिहिलं गेलं असेल, तर पहिलं नावसुद्धा वेगळं. काही जणी नाटकापुरतं माहेरचंच नाव चालू ठेवतात. पत्रिका छापणारा आद्याक्षरं चुकवतो ते निराळंच. वहीच्या पहिल्या पानावर ही सगळी रूपं आणि कोणतं केव्हापासून केव्हापर्यंत, हे लिहून ठेवा. जुन्या अंकांत शोधताना यातलं एखादं रूप सुटलं, तर तिची निम्मी कारकीर्द सुटते.

उलटही होतं. त्याच गावात त्याच नावाची दुसरी सौ. असते, आणि तिचं पदक आपल्या आईच्या नावावर चढतं. फोटो किंवा सहकलाकारांची नावं जुळल्याशिवाय निव्वळ नावावर विश्वास ठेवू नये.

कागद कुठे असतात आणि काय सांगतात

कपाटाआधी ट्रंका, देवघराखालचा खण, शिवणाच्या मशीनचा ड्रॉवर आणि पाककृतींच्या वह्या बघा. बायका आपली कात्रणं स्वतःच्या हक्काच्या जागी ठेवतात, आणि जुन्या घरात त्यांच्या हक्काची जागा फार थोडी होती. सर्वांत मोलाची वस्तू म्हणजे नक्कल, म्हणजे तिच्या वाट्याची भाषणं आणि आधीच्या पात्राच्या वाक्याचे शेवटचे दोन-चार शब्द एवढंच उतरवलेली वही. तिच्या समासात हालचाली, विंगेचे बाण, तालमीच्या वेळा आणि कधी कधी किराणामालाची यादीही असते. यादीसुद्धा स्कॅन करा. तेलाचा भाव लिहिलेला असेल तर साल ठरवायला तोच कामाला येतो.

संहितेच्या प्रतीवर रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाचा शिक्का किंवा प्रमाणपत्राचा क्रमांक असतो. तिथली तारीख संहितेला मिळालेल्या परवानगीची असते, प्रयोगाची नव्हे. तिच्याआधी जाहीर प्रयोग झाला नसावा, एवढाच निष्कर्ष काढा.

पत्रिकेवर बहुधा वार आणि तारीख असते, साल नसतं. यातून साल काढता येतं. ‘रविवार, दि. १४ नोव्हेंबर’ असं छापलं असेल, तर १९६० ते १९९० मधे १४ नोव्हेंबरला रविवार १९६५, १९७१, १९७६ आणि १९८२ या चारच वर्षी आला. पत्त्यात पिनकोड असेल तर ती पत्रिका १५ ऑगस्ट १९७२ च्या नंतरची, म्हणजे १९७६ किंवा १९८२ उरतात. आता घराच्या रकान्यात बघा: १९७६ मधे धाकटी तीन महिन्यांची होती का? असेल तर उत्तर जवळजवळ ठरलं. तिकिटाचा दर आण्यांत असेल तर ते बहुधा १९५७ च्या आधीचं. ‘न. पै.’ म्हणजे नवे पैसे असेल तर १९५७ ते १९६४ च्या सुमाराचं. प्रमाणपत्रावर ‘मुंबई राज्य’ असेल तर १ मे १९६० च्या आधीचं. नाट्यगृहाचं नावही मर्यादा घालून देतं. दादरचं शिवाजी मंदिर १९६५ चं, पुण्याचं बालगंधर्व रंगमंदिर १९६८ चं, ठाण्याचं गडकरी रंगायतन १९७८ चं. ‘माझं पहिलं काम बालगंधर्वला’ म्हणणारी आई १९६६ ची बोलत असेल, तर एक तर साल चुकतंय किंवा जागा. आमच्या अनुभवात जागा सहसा चुकत नाही.

गोव्यात आणि कोकणात प्रयोग तिथीनं लक्षात असतात: देवळाचा उत्सव, जत्रा, शिमगा. तिथी आणि वार दोन्ही मिळाले की जुनी पंचांगं उलटून साल सापडतं. गणेशोत्सवातल्या नाटकांचं तसंच.

वर्तमानपत्रं शेवटी बघायची, आधी नाही. महिना ठरला नसताना ग्रंथालयातल्या बांधीव फायली चाळणं म्हणजे आठवडे घालवणं. महिना ठरला की दोन तासांचं काम. स्थानिक दैनिक आधी, मोठं दैनिक नंतर, कारण हौशी प्रयोगाची चार ओळींची बातमी गावच्या पत्रातच येते. मंडळाचे वार्षिक अहवाल आणि सुवर्णमहोत्सवी स्मरणिकाही मागा. स्मरणिकेतली जुन्या नाटकांची यादी मात्र पुष्कळदा कोणीतरी आठवणीनं केलेली असते. तिला ‘क’ न देता ‘ए’ द्यावा. बडोदा, इंदूर, बेळगाव इथल्या मराठी मंडळांकडे, १९३२ पासून चालणाऱ्या लंडनच्या महाराष्ट्र मंडळाकडे आणि उत्तर अमेरिकेतल्या मंडळांकडेही अशा स्मरणिका निघालेल्या आहेत. आई नवऱ्याच्या नोकरीमुळे परगावी किंवा परदेशी राहिली असेल तर तिथे विचारणा करा.

आकाशवाणीवर श्रुतिका केल्या असतील तर कराराचं पत्र शोधा. त्यावर तारीख, केंद्र आणि मानधन सगळं असतं. घरातला हा सर्वांत भरवशाचा कागद. पुणे केंद्र २ ऑक्टोबर १९५३ ला सुरू झालं आणि मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ ला, त्यामुळे त्याआधीची आठवण असेल तर केंद्र दुसरं होतं.

‘राज्याला पहिलं बक्षीस’ म्हणजे नक्की काय

या एका वाक्यानं सर्वांत जास्त गोंधळ होतो. हौशी नाट्य स्पर्धा म्हटली की घरचे सरसकट ‘राज्य स्पर्धा’ म्हणतात. ती शासनाची असू शकते, कामगार कल्याण मंडळाची असू शकते, बँकेची किंवा विम्याच्या कचेरीची असू शकते, गोव्यात कला अकादमीची असू शकते. शासनाच्या स्पर्धेत केंद्रांवर प्राथमिक फेरी होते आणि तिथली निवडक नाटकं अंतिम फेरीला जातात. पहिलं बक्षीस प्राथमिकचं की अंतिमचं, नाटकाचं की तिच्या अभिनयाचं, रौप्यपदक की गुणवत्ता प्रमाणपत्र, हे चार प्रश्न वेगवेगळे विचारा. प्राथमिक फेरी वर्षाअखेरीस आणि अंतिम पुढच्या वर्षी असं झालेलं असतं, म्हणून अशी नोंद ‘१९७५-७६’ अशी जोडसालानं करावी.

दुसरा सापळा नाटकाच्या सालाचा. गाजलेलं नाटक व्यावसायिक रंगभूमीवर ज्या साली आलं, ते साल आईच्या प्रयोगाला चिकटवू नका. हौशी संस्था तेच नाटक दहा-वीस वर्षांनीही करतात. आणि ‘नाटकात काम केलं’ म्हणजे पूर्ण नाटक, एकांकिका की महिला मंडळातला एक नाट्यप्रवेश, हेही लिहा. प्रवेशाला कमी लेखायचं कारण नाही, पण त्याला नाटक म्हणायचंही कारण नाही.

पदकावरची अक्षरं झिजली असतील तर ते चिंचेनं घासू नका, उरलेली अक्षरंही जातील. खोलीत अंधार करून टॉर्च अगदी आडवी धरा, पदकाला जवळजवळ टेकवून. सावलीत खोदकाम उठून दिसतं. चारी बाजूंनी चार फोटो घ्या.

फोटो

चिकट पानांच्या अल्बममधले फोटो ओढून काढू नका, कोपरा हमखास फाटतो. दात साफ करायचा मेण नसलेला दोरा फोटोच्या मागून करवतीसारखा हळूहळू सरकवा. तरी निघत नसेल तर वरचा प्लॅस्टिकचा कागद उलटून पानासकट स्कॅन करा. छोट्या फोटोंना ६०० डीपीआय, निगेटिव्हला २४०० किंवा जास्त. मूळ प्रत टिफमधे ठेवा, वाटायला जेपीजी. स्कॅनर नसेल तर फोनही चालतो: खिडकीजवळ, सावलीत, फ्लॅश बंद, फोटोखाली काळा कागद. मागची बाजूही घ्या, कारण स्टुडिओचा शिक्का तिथेच असतो. फोटोच्या मागे बॉलपेननं लिहू नका. लिहायचंच असेल तर मऊ पेन्सिलीनं, कडेला. प्रमाणपत्रं लॅमिनेट करू नका, ती कायमची अडकतात. टाचण्या आणि स्टेपलच्या पिना मात्र आजच काढा, पावसाळ्यात त्यांचा गंज कागद खातो.

समूहाच्या फोटोवर बटरपेपर ठेवून डोक्यांच्या बाह्यरेषा काढा, प्रत्येकाला आकडा द्या, आणि नावं त्या कागदावर भरा. आईला फोनच्या पडद्यावर फोटो दाखवू नका. ए-४ आकारात छापून हातात द्या. बोटानं एकेक चेहरा दाखवत ती बोलायला लागते, तेव्हा रेकॉर्डर चालू असू द्या.

बोलतं करणं

सत्तरी-ऐंशीच्या बाईकडून एका बैठकीत सगळं काढायचा हट्ट धरला की दुसरी बैठक होत नाही. चाळीस-पंचेचाळीस मिनिटांच्या सहा ते आठ बैठका, सकाळी न्याहारीनंतर. पंखा, फ्रिज, टीव्ही बंद. कुकर लावू नका. फोनवर ध्वनिमुद्रण करत असाल तर विमान मोडवर टाका. पदराला लावायचा छोटा माइक सर्वांत बरा, हनुवटीपासून वीतभर खाली. पण पदर सावरायची सवय असते आणि त्याचा खरखराट थेट माइकमधे जातो, म्हणून तो ब्लाउजच्या काठाला किंवा शालीला लावा. श्रवणयंत्र शिट्टी मारत असेल तर आधी नीट बसवून घ्या.

नटीची मुलाखत घेताना एक खास अडचण येते. ती सावकाश, बारीक आवाजात बोलत असते, आणि मग एकदम भूमिकेतलं वाक्य शेवटच्या रांगेला ऐकू जाईल असं फेकते. तेवढ्याच तुकड्यात मुद्रित आवाज फाटतो, आणि नेमका तोच तुकडा हवा असतो. म्हणून ध्वनिमुद्रणाची पातळी साध्या बोलण्यावर न ठरवता आधी एक वाक्य नाटकातलं म्हणायला लावून ठरवा. साधं बोलणं उणे अठरा ते उणे वीस डेसिबलच्या आसपास राहिलं तरी चालेल. हळू आवाज नंतर वाढवता येतो, फाटलेला दुरुस्त होत नाही.

विचारणारं कोण यावरही बरंच ठरतं. मुलीला आई एक सांगते, सुनेला दुसरं. मुलाशी सासरच्या विरोधाबद्दल बोलायला ती कचरते, कारण विरोध करणारी माणसं त्याचीच आजी-आजोबा असतात. नातवंडांना मात्र सगळं सांगते. जमलं तर दोन बैठका नातवावर किंवा नातीवर सोपवा.

पहिली बैठक प्रश्नांनी उघडू नका. हातात वस्तू द्या: नक्कल, रंगभूषेची डबी, नथ, गंगावन. मग असे प्रश्न विचारावेत:

- तालमीहून रात्री घरी कशी यायचीस? सोबत कोण असायचं?
- प्रयोगाच्या दिवशी संध्याकाळचा स्वयंपाक कोण करायचं, की तू सकाळीच करून जायचीस?
- मूल तालमीला न्यायचीस का? कोणाजवळ ठेवायचीस? ते रडलं तर काय?
- रंगभूषा केल्यावर लहानग्यानं ओळखलं होतं का?
- पाठांतर कधी करायचीस? पोळ्या लाटताना, लोकलमधे, की मुलाला झोपवताना?
- साड्या कोणाच्या? दागिने कोणाचे?
- घरातलं कोण प्रयोगाला आलं, आणि कोण कधीच आलं नाही?
- कोणती भूमिका सोडावी लागली? मग ती कोणी केली?

सासूबाईंची किंवा आत्याबाईंची मुलाखत असेल तर अर्थातच ‘तुम्ही’. प्रश्न तेच.

शेवटच्या दोन प्रश्नांनंतर गप्प बसायला शिका. मनात दहापर्यंत मोजा. घाईनं पुढचा प्रश्न टाकला की हातचं उत्तर जातं.

‘कसं केलं होतंस ते दाखव’ म्हटलं की बसून आठवत नाही ते उभं राहून आठवतं, कारण वाक्यं हालचालींना बांधलेली असतात. नकलेतलं आधीच्या पात्राचं शेवटचं वाक्य तुम्ही म्हणा आणि थांबा. लगेच प्रॉम्प्ट करू नका. मागे खुर्ची असू द्या, पायात सतरंजीची कड येऊ देऊ नका, आणि पदर खोचून घ्यायला सांगा. विस्मरण सुरू झालं असेल तर नाट्यपदं गुणगुणून बघा. गाणं पुष्कळदा संवादांच्या नंतरही टिकतं. अशा बैठकीत चुका दुरुस्त करत बसू नका, आणि दिवेलागणीनंतर बसूच नका. त्या वेळी गोंधळ वाढतो.

विरोधाबद्दल विचारताना काळाची जाण ठेवा. ‘नाट्यमन्वंतर’ या नाट्यसंस्थेनं ‘आंधळ्यांची शाळा’ हे नाटक १ जुलै १९३३ ला केलं तेव्हा त्यातल्या स्त्रीभूमिका स्त्रियांनी केल्या ही त्या काळी मोठी गोष्ट होती. १९५०-६० मधे तरुण असलेल्या बाईच्या सासूनं स्त्रीपार्टी, म्हणजे बायकांच्या भूमिका करणारे पुरुष, पाहतच आयुष्य काढलेलं असणार. सासूला खलनायिका करून टाकणं सोपं आहे. पण तालमीच्या वेळी मुलं कोणी सांभाळली हे विचारलंत, तर बरेचदा तिचंच नाव निघतं.

आई हयात नसेल तर हेच सगळं तिच्या बरोबरच्यांना विचारा. नायक म्हणून काम केलेल्या माणसापेक्षा प्रॉम्प्टर, रंगभूषाकार आणि कपडेपटाचं बघणारी बाई यांना जास्त आठवतं. ते रोज विंगेत उभे राहून सगळ्यांचं बघत असत. प्रत्येकाला वेगळं भेटा. दोघांना एकत्र बसवलं की मोठ्या आवाजाचं म्हणणं दोघांची आठवण होऊन बसतं.

रिकामी वर्षं

वही भरत आली की उजव्या रकान्यात मोठ्या फटी दिसतात. पहिलं मूल ते धाकटं शाळेत जाईपर्यंत, मग सासऱ्यांचं आजारपण, मग मुलांच्या दहावी-बारावी. या फटींवरून उडी मारून पुढच्या नाटकावर जाणं ही सगळ्यांत मोठी चूक. तिथे थांबून विचारा. त्या वर्षांत ती बहुतेक वेळा रंगभूमीपासून तुटलेली नसते. ती प्रॉम्प्टिंग करते, घरी बसून कपडेपट शिवते, शाळेच्या स्नेहसंमेलनात मुलांची नाटुकली बसवते, भोंडल्याला सोंगं काढते, महिला मंडळात हळदीकुंकवाच्या दिवशी प्रवेश करते, पुढचं नाटक वाचून निवड समितीला मत देते. पत्रिकेवर याचं नाव नसतं. ‘विशेष आभार’ या ओळीत ‘सौ. वहिनी’ एवढं असतं, किंवा तेही नसतं. आभाराची ओळ प्रत्येक पत्रिकेत नीट वाचा.

फटीनंतरच्या भूमिकाही बघा. पंचविशीत नायिका असलेली बाई अडतिसाव्या वर्षी परतते ती आईच्या, नणंदेच्या, शेजारणीच्या भूमिकेत, आणि साठीनंतर आजी. भूमिकेचं नाव, तिचं त्या वेळचं खरं वय आणि भूमिकेचं वय असे तीन आकडे शेजारी लिहिले की आयुष्याचा आकार उघड दिसतो. हौशी संस्थांत चाळिशीच्या बाईला साठीची आई करायला देणं सर्रास चालतं, तेही या आकड्यांत उतरतं.

बाळंतपणानंतर किती महिन्यांनी ती परत उभी राहिली, आवाज कसा होता, नऊवारी कमरेला कशी बसत होती, पाठांतर जड जायला कधी लागलं आणि मग ती काय युक्ती करायची, हेही याच भागात येतं. वयानुसार पाठांतराची पद्धत बदलते: तरुणपणी वाचून, पुढे स्वतः लिहून, आणखी पुढे दुसऱ्याकडून वाचून घेऊन, ऐकून. वेगवेगळ्या दशकांच्या नकलांतलं अक्षर शेजारी ठेवा. कोणती तिनं स्वतः उतरवली, कोणती मुलीच्या अक्षरात आहे, यावरूनही बरंच कळतं.

कॅसेट आणि साड्या

कॅसेट लावण्याआधी वरच्या कडेची प्लॅस्टिकची दोन्ही छोटी पाती मोडा, म्हणजे चुकून रेकॉर्डचं बटण दाबलं गेलं तरी पुसलं जाणार नाही. मग एकदा पूर्ण पुढे आणि पूर्ण मागे गुंडाळून घ्या. आतला नमद्याचा तुकडा पडला असेल तर आवाज दबलेला येतो. तो चिकटवता येतो, किंवा फीत दुसऱ्या खोक्यात बसवता येते. यंत्राचं फीत वाचणारं डोकं (हेड) आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पुसा. साठ मिनिटांच्या कॅसेटची फीत जाड असते, ती टिकते. एकशेवीसची पातळ, ती गुंतते, तेव्हा तिला पहिल्याच फेरीत नकलून घ्या. संगणकावर वेव्ह फाइल करा. ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट, एकमार्गी (मोनो) आवाज असेल तर तासाला साधारण अर्धा जीबी लागतो. व्हीएचएसच्या खिडकीतून पांढरी भुकटी दिसली तर ती बुरशी. अशी कॅसेट घरच्या यंत्रात घालू नका, यंत्रही जातं आणि पुढच्या सगळ्या कॅसेटींना ती लागते. सगळ्याच्या तीन प्रती, त्यातली एक दुसऱ्या घरी.

भूमिकेत नेसलेल्या साड्या ओळखून फोटोशी जुळवा. जरीची साडी मलमलीत गुंडाळून ठेवा आणि तीन-चार महिन्यांनी घडी बदला, नाहीतर घडीवर जर तुटते. डांबराच्या गोळ्या जरीला लागू देऊ नका.

लिहिताना

ध्वनिमुद्रण शब्दशः उतरवायला दहापट वेळ लागतो, तेव्हा आधी दर पाच मिनिटांना एक ओळ अशी सूची करा आणि महत्त्वाचेच भाग पूर्ण उतरवा. तिची बोली सुधारू नका. ‘त्यानं केलंन्’ म्हणाली असेल तर तसंच.

साडेतीनशे पानांचा घाट घालू नका. चाळीस ते साठ पानं पुरतात. वाचणाऱ्याला लागतात त्या गोष्टी म्हणजे दोन रकान्यांचा तक्ता, भूमिकांची यादी, तिच्या शब्दांतली दहा-बारा पानं, आणि नावं लिहिलेले फोटो. यादीत प्रत्येक भूमिकेपुढे क, द किंवा ए राहू द्या. नाटकाची संपूर्ण संहिता आत छापू नका. लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं हक्क चालतो. तिच्या वाट्याचे दोन-चार संवाद पुरेत. सहकलाकारांबद्दल ती काही कडवट बोलली असेल, तर ते छापायचं की नुसतं ध्वनिमुद्रणात ठेवायचं हे तिलाच विचारा, आणि ते उत्तरही मुद्रित करून ठेवा.

पहिली प्रत फक्त तिच्यासाठी काढावी. अक्षर १६ पॉइंटचं, कागदाच्या एकाच बाजूला, उजवीकडे चार सेंटिमीटर समास, स्पायरल बांधणी म्हणजे मांडीवर उघडी राहील. बरोबर एक टोक केलेली पेन्सिल द्या आणि पंधरा दिवस तिकडे फिरकू नका. समासात ‘हे असं नव्हतं’ असं जिथे जिथे येईल, तिथल्या नोंदीवर पुढची बैठक लावा.